तुजे आयशीला फोन लाव

रोडपालीत खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा माझ्या हातात प्लास्टिकची फाइल होती. आत आधार कार्ड, कंपनीचं नेमणूकपत्र, आणि सगळ्यांत वर, उघडताच दिसेल अशी, माझी बी.कॉम.ची पदवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील लातूरकडे धान्याच्या मोंढ्यात पोती उचलायचे. त्या पदवीला मी लॅमिनेशन करून घेतलं होतं आणि कुठेही काम निघालं की ती काढून दाखवायची मला सवय होती. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

बिल्डिंगच्या खाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, कानात सोन्याच्या जड कुड्या, मांडीवर सूप आणि सुपात जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी. ती एकेक काडी-कचरा वेचून बाजूला टाकत होती. मी नमस्कार केला, खोलीचं विचारलं आणि फाइल उघडून तिच्यासमोर धरली.

तिनं फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "ता ठेव बाजूला. तुजे आयशीला फोन लाव."

"आईला? कशाला?"

"हाय ना आयस?"

"आहे."

"मंग लाव."

मी लावला. म्हातारीने जवळ्याचे हात पदराला पुसले, फोन घेतला आणि बोलायला लागली. "मी हौसाबाय बोलतंय, पनवेलवरशी. तुमचा पोर आयलाय माज्याकरं खोलीला. रागीट हाय का? जेवतो काय? आजारी पडला त कोनाला सांगू?" माझी आई फोनवर दोन मिनिटांच्या वर कधी बोलत नसे. पैसे जातात, असं तिला अजूनही वाटायचं. त्या दिवशी ती वीस मिनिटं बोलली. मी कुत्र्याला भितो, ताप आला की बडबडतो, भाकरी कडक झाली तर ताट सरकवतो, हे सगळं त्या परक्या बाईला सांगून मोकळी झाली.

फोन परत देताना हौसाबाई म्हणाली, "बांदावरची खोली दिली तुला. पानी सकाली सात ते आठ. आन भाकरी कडक झाली तरी खायाची."

आईच्या वयाची होती, म्हणून मीही इतरांसारखा तिला हौसाआई म्हणायला लागलो. त्या बिल्डिंगीत मी नऊ वर्षं काढली.

'बांदावरची खोली' म्हणजे दोनशे दोन, हे मला जिन्यावर उभा राहून दोनदा वर-खाली केल्यावर कळलं. तिच्या मुलाने, जनार्दनने, दारांवर पितळी आकडे ठोकले होते, पण ती ते आकडे वापरत नसे. ही जमीन पूर्वी त्यांची भातशेती. ती शहरासाठी सरकारने घेतली आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत द्यायच्या योजनेत हा प्लॉट मिळाला. त्यावर जनादादाने चार मजले चढवले. हौसाआईने काय केलं, तर गेलेल्या शेतांची नावं खोल्यांना दिली. बांधावरची, खारीची, उंबराखालची, आणि सगळ्यांत वरची, गच्चीला लागून असलेली, मिठागर. मिठागर तिच्या माहेरचं, उरणकडचं. ते तिला हुंड्यात मिळालं नव्हतं, "पन नाव घ्यायला कोनाच्या बापाची चोरी हाय," असं ती म्हणायची.

पार्सलवाले दमून जायचे. खाली येऊन विचारायचे, "तीनशे एक कुठे?" ती म्हणायची, "तीनशे एक मला नाय म्हाईत. कोनाचा हाय ता सांग." नाव सांगितलं की, "अरे, ती उंबराखालची. जा वर, उजवे हाताला." पार्सलवाला वर बघायचा. उंबर कुठेच नाही. समोर सेक्टरचा रस्ता, रिक्षा स्टँड आणि मेडिकलचं दुकान.

तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाचा तिरस्कार नव्हता. भाडेकरार व्हायचे, नोंदणी व्हायची, सगळं जनादादा बघायचा. तिचं म्हणणं एवढंच की ते नंतर. "कागूद खोटा निगला त मला कललं कसा? आयस खोटी बोलली त मला लगेच कलतंय." हे ती मला, पदवीधराला, खात्रीने सांगायची.

कधी कधी त्याचा तोटाही व्हायचा. एकदा मोठ्या गाडीतून एकजण आला. चांगला चाळिशीचा, बोलायला गोड, वर्षाचं भाडं आगाऊ द्यायला तयार. हौसाआईने नेहमीचं सांगितलं. तो हसला, फोन लावला. पलीकडून त्याची आई म्हणाली, "त्याला सांगा बाई, चार वर्षं झाली, एकदा तोंड दाखवून जा म्हणावं." हौसाआईने फोन बंद करून त्याच्या हातात दिला. "आदी जाऊन ये. मंग खोली बगू."

तो गेला तो आलाच नाही. खोली दोन महिने रिकामी पडली. जनादादा चिडून माझ्याकडे यायचा. "तुमी शिकलेले हाव, तुमी तरी सांगा आयेला. हे काय लग्न जुळवायचं हाय का?" मी सांगितलं. ती जवळा निवडत म्हणाली, "लगीन मोरता येतं. शेजार मोरता येत नाय." मोडता न येणारा शेजार नीट बघूनच घ्यायचा, हा तिचा हिशोब मी जनादादाला जाऊन सांगितला.

तेसफायेची गोष्ट यानंतरची.

आमची कंपनी कळंबोलीत. माल परदेशी पाठवायचं काम. इथिओपियातल्या ऑफिसातून तेसफाये नावाचा एक इंजिनियर दोन वर्षांसाठी आमच्याकडे आला. उंच, सडपातळ, हळू बोलणारा. त्याला घर शोधून द्यायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं, कारण मी रोडपालीत राहतो आणि 'लोकल' ओळखतो. कंपनी गेस्ट हाऊसचे दोनच आठवडे देणार होती. पंधराव्या दिवशी, रविवारी, त्याची बायको हिरुत आणि तीन वर्षांची मुलगी विमानाने उतरणार होत्या. तिकिटं काढलेली होती.

मला वाटलं, चार दिवसांचं काम. मी नीट यादी केली, एजंट गाठले. फोनवर सगळे खूश. "फॉरेनर? कंपनी लीज? एकदम बेस्ट सर, आजच या." मग आम्ही जायचो, आणि तेसफायेला बघितलं की घरमालकाला अचानक आठवायचं की गावाहून भाऊ राहायला येतोय. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "फॅमिली असती तर दिलं असतं." मी म्हणालो, "फॅमिली येतेय रविवारी." ते म्हणाले, "मग तर जास्त माणसं होतील." एक एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, टाइम क्यूं वेस्ट करताय? कमिटी नाय देणार. तुम्हाला पण माहितीये, मला पण माहितीये." तेसफाये लिफ्टपाशी उभा राहून भिंतीवरची नोटीस वाचत असल्यासारखं करायचा. नोटीस मराठीत होती. दहा दिवसांत अकरा घरं बघून झाली. शेवटी शेवटी तो मुलीचा फोन आला की घेण्याआधी थोडा थांबायचा.

मिठागर तेव्हा रिकामं होतं. मी हौसाआईला आधी विचारलं नव्हतं, कारण गच्चीलगतची खोली उन्हाळ्यात तापते आणि कंपनीच्या माणसाला असलं घर कसं द्यायचं, असं मला वाटलं होतं. म्हणजे मीही थोडा सेक्रेटरीच होतो. मंगळवारी संध्याकाळी तिच्यापुढे जाऊन सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "म्हावरा खातो का?"

मी तिथूनच तेसफायेला फोन लावला. मासे आवडतात का? तो म्हणाला, खूप आवडतात.

"खातो," मी म्हणालो.

"मंग उंद्या जेवायला आन त्याला. जेवला का आयशीला फोन लावू."

मी तेसफायेला सगळं शिकवलं. बूट दाराबाहेर काढायचे. नमस्कार म्हणायचं. मांडी घालून बसायचं. भाड्याचा विषय आपण काढायचा नाही. तो वहीत लिहून घेत होता. मला वाटलं, आता काही राहिलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सातला आम्ही तळमजल्यावर तिच्या घरी गेलो. हौसाआईने जिताडा आणला होता. आमच्याकडे माहीत नसतो, पण पनवेलकडे जिताडा म्हणजे जावयाला, व्याह्याला करायचा मासा. अर्धा तळलेला, अर्धा आंबट कालवणात. तांदळाच्या भाकऱ्या, वाफाळता भात. ताटात दुसरं काहीच नव्हतं, कारण जिताड्यापुढे दुसरं काही वाढायचं नसतं. जनादादाच्या बायकोने, सूनबाईने, ताट ठेवलं. तेसफायेने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच इंग्रजीत म्हणाला, "आज बुधवार आहे."

"हो," मी म्हणालो.

"बुधवार आणि शुक्रवार आमचा उपवास असतो. मासे नाही, मांस नाही, दूध नाही. मला माफ करा."

मी सगळं विचारलं होतं, वार विचारला नव्हता.

त्याने दोन्ही हात जोडले आणि भाकरी तेवढी उचलून घेतली. मी हौसाआईला म्हणालो, "त्याचा उपवास आहे आज."

"बुदवारचा?" तिनं माझ्याकडे बघितलं. "सोमवार आयकलाय मी. शनवार आयकलाय. बुदवारचा उपास कोन करतो? बुदवार, शुक्रवार, आयतवार, हे म्हावऱ्याचं वार. आन तूच बोललास ना, खातो म्हनून?"

"मी म्हणालो, पण..."

"पन काय? मला नको शिकवू. माजे नातीच्या हलदीला सेक्टरातल्या बायांना बोलावलाव. आल्या, बसल्या, साड्या बगितल्या. ताटां वारली त सगल्या बोलल्या, आज आमचा उपास हाय. सगल्यांचा एकाच दिशी." ती उठली. स्वतःच्या हाताने तिने तेसफायेचं ताट झाकलं. "आमच्या घरचा जेवन जात नसंल त तसा सांगावा. नाय त खोली बी नाय."

जनादादा दारात उभा होता. त्याला तसंही हे प्रकरण नको होतं. "बरं झालं," तो पुटपुटला.

तेसफायेला शब्द कळले नाहीत, पण अकरा घरं बघितलेल्या माणसाला एवढं कळतंच. तो उठायला लागला. मी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. रविवार चार दिवसांवर होता आणि माझ्याकडे तेरावं घर नव्हतं.

"हौसाआई," मी म्हणालो, "तुमचा कायदा तुम्हीच मोडताय. त्याच्या आईला फोन कुठे लावला?"

ती थांबली. मग खुर्ची ओढून बसली. "लाव."

तेसफायेने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक म्हातारी आली. डोक्यावरून पांढरी शाल, मागे निळी भिंत. मुलाला बघून हसली. तो तिच्याशी त्यांच्या भाषेत काही सांगायला लागला तेवढ्यात हौसाआईने हात पुढे केला.

"तू नको बोलू. तू तुला पायजे ता सांगशील." तिनं फोन घेतला, दुसऱ्या हाताने झाकण काढलं, जिताड्याचा तळलेला तुकडा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि मग बोट तेसफायेकडे केलं. एवढंच. शब्द एक नाही.

पलीकडची म्हातारी तुकड्याकडे बघत राहिली. मग तिनं छातीवर हात नेला, आणि तिथून जो आवाज चढला तो आजही माझ्या कानात आहे. बोट नाचवत, शाल सावरत, ती मुलाला बोल बोल बोलली. इंजिनियर माणूस, कंपनीत ज्याच्या हाताखाली तीस माणसं, तो शाळेतल्या पोरासारखा दोन्ही हात हलवून "नाही नाही" करत होता. मागून कुणीतरी दुसरी बाई डोकावली आणि तीही ओरडायला लागली.

हौसाआई टक लावून बघत होती. "शिव्या देतंय ती त्याला," ती म्हणाली.

"तिला वाटलं, त्याने खाल्ला."

"बुदवारी खाल्ला म्हनून?"

"हो."

ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खुर्ची हलेपर्यंत. "अगो बाय, याचा वार हाय खराच!" फोन तोंडाजवळ धरून ती मराठीत ओरडली, "नाय खाला! नाय खाला तुज्या पोरानं! मीच वारला, माजा चुकला!" आणि नुसतं वाढलं होतं याचा पुरावा म्हणून तिने तुकडा परत ठेवून अख्खं ताट उचलून फोनसमोर धरलं. एकही तुकडा कमी नव्हता. पलीकडची म्हातारी बारीक डोळे करून तुकडे बघत होती. मोजून समाधान झाल्यावर तिनं हात जोडले. तेसफायेने घाम पुसला.

"इचार त्याला, सोमवारी चालतो?"

चालतो, तो म्हणाला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, सगळं चालतं.

"म्हंजे आमी नाय खात तवा हा खानार," हौसाआई जनादादाला म्हणाली. "बराच हाय. देव वार वाटून देतो. सगल्यांनी एकाच दिशी खाल्ला त मासली पुरंल का?"

सूनबाईने घाईने वालाची भाजी फोडणीला टाकली. तेसफाये चार भाकऱ्या जेवला.

जनादादाने दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्यादेखत, एकदा प्रयत्न करून बघितला. "आये, बाहेरच्या देशाचा मानूस. उद्या पोलिसांचं लफडं झालं त?"

ती खुर्चीवर बसून समोरचा रस्ता बघत होती. "या समोरच्या बिल्डिंगी बग. मुंबयवाला, पुन्यावाला, कोन कोन कुटना आयला. आमच्या शेतात येवून र्‍हायली सगली. तवा मला कोनी इचारला का, हौसाबाय, बाहेरची मानसां चालतील?" आवाज चढवला नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. "मिठागराची चावी दे त्याला."

परदेशी भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. फॉर्म मी मोबाइलवर भरला, पण चौकशीला पोलिस चौकीत तिलाही बोलावलं. ती नवीन लुगडं नेसून आली. हवालदाराने विचारलं, "आजी, याला किती दिवसांपासून ओळखता?" ती म्हणाली, "बुदवारपासून." त्याने लिहायचं थांबवलं. "फक्त? मग खात्री कशी पटली?" तिने माझ्याकडे हात करून हवालदारालाच सांगितलं, "तू याला तुजा नंबर दे. तुजे आयशीला फोन लावू, तुजी बी खात्री पटंल मला." हवालदार इथलाच, नेऱ्याकडचा होता. तो मान खाली घालून हसला आणि त्याने पुढचा रकाना भरला.

रविवारी हिरुत आणि मुलगी आल्या. मी टॅक्सीतून बॅगा काढत होतो तेव्हा हौसाआई चार मजले चढून आधीच वर पोचली होती, लिफ्टवर तिचा विश्वास नव्हता. स्वयंपाकाच्या ओट्यावर तिने वाटीभर जाडं मीठ ठेवलं होतं. नव्या घरात आधी मीठ चाखायचं, म्हणून नव्या भाडेकरूकडे ती नेहमी ठेवायची. माझ्याकडेही ठेवलं होतं, आणि मी ते, पदवीधर, पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकलं होतं. हिरुतने काही न विचारता चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. हौसाआई खाली येऊन मला म्हणाली, "हिला शिकवायला लागला नाय."

दोन वर्षं ते कुटुंब मिठागरात राहिलं. मग तेसफायेची बदली परत आदिस अबाबाला झाली. ते गेले, पण म्हाताऱ्यांचे फोन चालू राहिले. जनादादाने फोन लावून द्यायचा, मग एक मराठीत बोलायची, एक तिच्या भाषेत. काय बोलायच्या, कुणास ठाऊक. मी एकदा विचारलं तर हौसाआई म्हणाली, "ती तिच्या पोराचा सांगतंय, मी माज्या. यांत काय कलायचा हाय?"

मी नेरे रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला. आमच्या घराण्यातलं सिमेंटचं पहिलं घर. त्याच्या हॉलमध्ये पदवी टांगली आहे आणि स्वयंपाकघरात मीठ ठेवलं आहे. मी तिथून निघाल्यानंतर वर्षभराने हौसाआई गेली. जनादादाचा फोन आला तेव्हा मी गावाला होतो. वेळेत पोचलो नाही. त्यामुळे माझ्याकडे तिचं शेवटचं दर्शन आहे ते मी खोली सोडली त्या दिवसाचं.

टेम्पो भरून झाला होता. आदल्या संध्याकाळीच तिच्या पाया पडून घेतलं होतं आणि तिने "आयशीला नवे घरात आन आदी" एवढंच सांगितलं होतं. सकाळी टेम्पो वळताना मी पुढच्या सीटवरून बघितलं. ती लाल खुर्चीवर बसली होती, रस्त्याकडे पाठ अर्धी वळवून. मांडीवर सूप, सुपात जवळा. समोर मीटरच्या पेटीवर मोबाइल उभा करून ठेवलेला. तो वाजला, पडद्यावर पांढरी शाल आली. हौसाआईने फोनकडे बोट नेलं, मग मध्येच थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं. बुधवार होता.

तिनं पदर ओढून सुपावर नीट पसरला, चारी बाजूंनी दाबला, आणि मग फोन उचलला.